बॉनेटखालची लाल माती

परवा जुन्नरच्या पेठेत झेंडूचे ढीग लागलेले दिसले आणि मी नकळत हाताची नखं तपासली. झेंडू पाहिला की इतर बायकांना दारचं तोरण आठवत असेल. मला नखांत बसलेलं काळं ऑइल आठवतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, निरगुडसरला माहेरी जायचं आणि वडिलांच्या गाडीचं इंजिन धुवायचं, हा माझा कित्येक वर्षांचा नेम. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. त्या दिवशी घरातले विळे, खुरपी, पहार, आईचं शिलाई मशीन, सगळं धुऊनपुसून पुजायला मांडतात. गाडीही त्यातच आली. आता गाडी बाहेरून काय, कुणीही धुतं. आमच्या घरी ती आतून धुतात. "वरनं आंघोळ घालायची आन् पोट तसंच घाण ठिवायचं, ही कसली पूजा?" असं नानांचं म्हणणं.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको. भाजीवाल्याने 'ताई, आत्ताच काढलीय' म्हटलं की मी जुडी उलटी करून देठ बघते. मी शाळेत शिकवते. दोन मुलांच्या पेपरात एकच चूक दिसली की ती कुणी कुणाची उचलली हे कळेपर्यंत मला चहा गोड लागत नाही. नवरा म्हणतो, तू देवळात गेलीस तरी आधी तीर्थाचा वास घेतेस. घेते. त्यात काय बिघडलं? हा वारसा मला नानांकडूनच आलेला आहे. त्यांनी जन्मात कधी गाडी वॉशिंगवाल्याकडे दिली नाही. "तो फवारा मारतो. पानी कुठं घुसंल ह्याचा नेम हाय का? आन् आपण हिकडं चा पीत बसलो, की तो आत काय काढंल, काय घालंल, कुणी बघितलंय?" म्हणून गाडी घरीच, लिंबाच्या झाडाखाली, आपल्या डोळ्यांदेखत धुवायची.

त्याची एक रीत आहे आणि ती नानांनी मला मी कॉलेजात असताना शिकवली. इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचं. मग दहाचा पाना घेऊन बॅटरीचं मायनसचं टोक सोडायचं. सोडलेलं टोक तसंच उघडं ठेवायचं नाही. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळायचं आणि वर सुतळी बांधायची. "वायर लई इमानी असती," नाना म्हणायचे, "सोडली तरी परत आपल्या जागंवर जाऊन बसती. आन् मंग उडती ठिणगी." त्यानंतर धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या घेऊन फ्यूजचा डबा, डायनामो, जिथं जिथं पाणी जायला नको ती सगळी तोंडं बांधायची. डिझेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने चिकटा सोडवायचा, जुना टूथब्रश घेऊन कोपरे खरवडायचे, मग साबणाचं पाणी, मग मगाने साधं पाणी. पाइप लावायचा नाही. शेवटी कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं आणि बॉनेट उघडं ठेवून गाडी उन्हात तापू द्यायची. नाना खुर्ची टाकून शेजारी बसायचे आणि माझ्या हाताकडे बघत राहायचे. मी एखादा कोपरा सोडला की नुसतं घसा खाकरायचे.

या कामात मला रस वाटतो त्याचं खरं कारण मात्र पूजा नाही. बॉनेटखाली वर्षभराचा सगळा हिशेब साठलेला असतो. चाकं रस्त्यावर पुन्हा स्वच्छ होतात, काच रोज पुसली जाते, पण रेडिएटरच्या जाळीत, दिव्यांच्या पाठीमागे, वायपरखालच्या खोबणीत जे अडकतं ते तिथंच राहतं. गाडी उसाच्या वाटेने गेली असेल तर पाचटाचे तुकडे. बाजरी मळत असतील तिथं उभी राहिली असेल तर कणसांचं बारीक, टोचरं कूस. कांद्याच्या चाळीजवळ लावली असेल तर पातळ, लालसर सालपटं. एकदा नवऱ्याच्या ऑफिसच्या गाडीत मला सीताफळाची बी सापडली होती आणि 'ऑफिसात उशीर झाला' म्हणून सांगितलेली ती संध्याकाळ त्याने मित्रांबरोबर कुठं घालवली ते मी त्याला गावाच्या नावासकट सांगितलं होतं. तेव्हापासून तो मला बॉनेटला हात लावू देत नाही.

ज्या वर्षाचं मला सांगायचं आहे त्या वर्षी पाऊस हटतच नव्हता. नवरात्र बसलं तरी आभाळ गळतच होतं. बाजरीची कणसं उभ्या ताटावर काळी पडली होती, कांद्याची रोपं वाफ्यातच पिवळी झाली होती, आणि घरातल्या प्रत्येक चादरीला ओलसर वास येत होता. आई जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. नाना एकटेच राहायचे. शेजारच्या घरात काका-काकी. काकी दोन्ही वेळचा डबा द्यायची. भाऊ, संतोष, पुण्याला नोकरीत. खंडेनवमीला सकाळी जरा उघडलं आणि मी ओढणी कमरेला खोचून बॉनेट उघडलं.

आत लाल माती होती.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांना यात काय एवढं, असं वाटेल. आमच्या आंबेगाव तालुक्याला दोन रंग आहेत. निरगुडसरकडे, पूर्वेला, काळी जमीन. वाळली की राखाडी दिसते, बोटाने चोळली की पिठासारखी होते. मंचर ओलांडून पश्चिमेला निघालात, घोडेगाव मागे टाकलंत, डिंभ्याचं धरण गेलं, की ऊस संपतो, भाताची खाचरं सुरू होतात आणि माती लाल होत जाते. थेट भीमाशंकरपर्यंत. नाना मला सांगत होते की गाडी मंचरपर्यंत जाते, नाहीतर माझ्याकडे जुन्नरला येते. त्या दोन्ही रस्त्यांवर असली माती नाही. जाळीत ती गच्च बसली होती, एकावर एक थर. म्हणजे एकदा गेलेली गाडी नव्हती ही. वायपरखालच्या खोबणीत हात घातला तर एक पान निघालं. हिरड्याचं. हिरडा काही निरगुडसरला होत नाही.

मी नानांकडे पाहिलं. ते झाडावरच्या कावळ्याकडे बघत होते.

"नाना, गाडी कुठं कुठं नेली होती हो पावसात?"

"कुठं नेणार? मंचरला. नायतर तुझ्याकडं."

माझ्याकडे! नागपंचमीनंतर नानांनी माझा उंबरा ओलांडला नव्हता. पण संशयी माणूस लगेच तोंड उघडत नाही, तो आधी पुरावा गोळा करतो. मी ते पान पुसलं आणि पर्समध्ये ठेवलं. मग जाळी इतकी घासली, इतकी घासली, की नानांना घसा खाकरायला जागा उरली नाही. पाटी कोरी करून ठेवली. आता जे काही बसेल ते नवं असेल, असं मनाशी म्हटलं.

दुपारी स्वयंपाकघरात काकी पुरण वाटत होती. म्हणाली, "वैशे, नाना लई येत्यात गं तुझ्याकडं आता. दर आठवड्याला गाडी भायेर. म्हणत्यात, पोरीला भेटून येतो. बाईमाणूस गेल्यावर पोरीचीच वढ लागती बघ."

"हो ना," मी म्हटलं. "येतात की."

वडिलांची चोरी मुलीने पकडली तरी ती काकीसमोर पकडायची नसते.

संतोषला फोन केला. तो आधी हसला, मग म्हणाला, "कुणी बाई असंल का गं?" आणि स्वतःच लाजून फोन दुसऱ्या कानाला लावला असावा, कारण थोडा वेळ नुसती खरखर आली. मग म्हणाला, "बाई असली तरी एक वेळ चालंल. पण जमिनीचं काही करून बसतील. तू किल्ली काढून घे." मला बाईपेक्षा बुवाचा संशय जास्त होता. आई गेल्यापासून नाना टीव्हीवर सकाळी प्रवचनं ऐकायचे. डोंगराच्या कडेला असे पुष्कळ महाराज बसलेले असतात. एकट्या, शेतीभाती असलेल्या म्हाताऱ्या माणसाचा वास त्यांना लांबून येतो. मी मनातल्या मनात त्या महाराजाला दाढी दिली, भगवी लुंगी दिली, पायाशी बसलेले नानाही दिले, आणि नानांचा मला इतका राग आला की दसऱ्याचं सोनं देताना त्यांच्या डोळ्यांत बघितलं नाही.

भाऊबीजेला पुन्हा गेले. संतोष ओवाळून घ्यायला बसलेला असताना मी 'आलेच' म्हणून बाहेर पडले आणि बॉनेट उघडलं. पाऊस तोवर गेला होता, त्यामुळे चिखल नव्हता; पण जाळीवर बारीक लाल धूळ बसली होती आणि बॅटरीच्या कडेला भाताची एक काडी. तिकडे भातकापणी सुरू झाली होती तर. मग मी सीटखाली हात घातला. खरं म्हणजे तिथं हात घालायचं काही कारण नव्हतं. कागदाची एक पुडी हाती लागली. उघडली तर गोडी शेव, मऊ पडलेली, मुंग्या लागलेली.

मंचरच्या बाजारातली गोडी शेव. मी लहान असल्यापासून नाना बाजारातून आले की पिशवीतून आधी ती पुडी निघायची, आणि ती माझी असायची. संतोषला फरसाण, मला गोडी शेव. लग्नानंतरही नाना माझ्याकडे आले की हातात तीच पुडी. नवरा थट्टा करायचा, 'चाळिशीच्या बाईला शेव आणतात.' आता ती शेव दुसऱ्या कुणाला जात होती. खरं सांगते, जमीन गेली असती तर मला इतकं लागलं नसतं. मी ती पुडी तशीच चुरगळून सीटखाली सारली, ओवाळणीच्या ताटाजवळ जाऊन बसले, आणि दिवसभर कुणाशी धड बोलले नाही. नानांनी विचारलं, "काय झालं गं?" म्हटलं, "काही नाही. उन्हाने डोकं दुखतंय."

दिवाळीची सुट्टी संपायची होती. एका सकाळी काकीचा फोन आला. "नाना निघाले बघ तुझ्याकडं. मेथी दिलीया, निवडून ठिवलीया. आल्यावर फोन कर."

मी नवऱ्याला म्हटलं, मोटरसायकल काढ. तो म्हणाला, नाना येतायत ना? म्हटलं, येत नाहीयेत, तेच तर बघायचंय. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू आता त्याच्याही बापाची चौकशी सुरू होणार आहे. पण गाडी काढली. जुन्नरहून आम्ही घोडेगावच्या रस्त्याने निघालो, म्हणजे मंचरला न जाता मधूनच त्यांना गाठता येईल. हवा गार होती. रस्त्याने भाताच्या पेंढ्या बांधणारी माणसं दिसत होती, कुठं खळ्यावर झोडणी चालली होती. समोरून येणारी प्रत्येक पांढरी गाडी मला नानांची वाटत होती आणि नाही हे कळल्यावर धीर येण्याऐवजी जास्तच धडधडत होतं. डिंभ्याचं पाणी उजेडात चकाकत होतं, पण मला ते बघायचं नव्हतं. चढ सुरू झाला. एका वळणाच्या पुढे, रस्त्याच्या कडेला, कौलारू घरासमोर नानांची गाडी उभी होती.

मी उतरले आणि आधी बॉनेटला हात लावून बघितला. गरम होतं. म्हणजे नुकतेच आले होते.

पडवीत खाटेवर नाना बसले होते. हातात चहाची कपबशी, मांडीवर मेथीची पिशवी, आणि शेजारी कागदाची पुडी. समोर एक बाई उभी, डोक्याला पदर, हाताला भाताचा भुसा लागलेला. साधारण माझ्याच वयाची. मी मनात जी वाक्यं तयार करून आणली होती ती सगळी ओठांवर आली. तेवढ्यात ती बाईच अंगणात उतरून माझ्याकडे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुमी जुन्नरच्या का? वैशाली?"

"हो. का?"

"बरं झालं बाई आलात. बाबा तुमचंच घर इचारत व्हते. म्हणत्यात, हितंच कुठंतरी हाय, पाण्याच्या टाकीपशी. हितं कुठली आली टाकी? ह्याआदीबी आले व्हते. आमी चा देतो, वाईच बसिवतो, मंग आमचे मालक फटफटी फुडं घालून घोडेगावपतुर नेत्यात. तिथनं वळखीचा रस्ता लागला की जात्यात मंग नीट."

पाण्याची टाकी माझ्या घरासमोर आहे. जुन्नरला.

"मला फोन का नाही केलात?" माझा आवाज उगाचच चढला.

"नंबर मागितला की देत न्हाईत. म्हणत्यात, पोरगी लई संशयी हाय, तिला कळलं की झोपायची न्हाई." ती बाई किंचित हसली. "आन् ती शेव. एक डाव आमच्या पोरानं मागितली तर म्हणले, ही माझ्या वैशीची हाय, तुला दुसरी आणतो. आन् खरंच आणली की फुडल्या येळंला. आमचं घर ध्यानात ऱ्हातं बघा त्यांच्या. तुमचंच तेवढं..."

मी अंगणात तशीच उभी राहिले. नाना खरंच माझ्याकडेच निघालेले असायचे. प्रत्येक वेळी. काकीला ते खोटं सांगत नव्हते, मला खोटं सांगत नव्हते. घरून निघायचे, मंचरच्या बाजारात माझी शेव घ्यायचे, आणि तिथून जुन्नरसाठी उजवीकडे वळायचं सोडून सरळ डोंगराकडे जायचे. मी मात्र त्या लाल मातीतून बाई काढली होती, बुवा काढला होता, जमिनीचा कागद काढला होता. एवढी एकच गोष्ट माझ्या संशयी डोक्याला सुचली नव्हती.

नानांनी मला पाहिलं. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मग एकदम सावरले.

"वैशे! तू हिकडं कुठं?" आणि माझं उत्तर यायच्या आतच, "मी म्हणलं, जरा भीमाशंकर करून यावं. म्हंजी, जाता जाता तुझ्याकडं यावं."

"आम्ही पण तिकडंच निघालो होतो, नाना," मी म्हटलं. "चला बरोबरच."

त्या बाईच्या हातात मी काही ठेवायला गेले तर तिने हात मागे घेतला. नाव विचारलं तर म्हणाली, ठकूबाई. मग आम्ही खरोखरच भीमाशंकरला गेलो. नवरा मोटरसायकलवर मागे, मी नानांची गाडी चालवत, आणि नाना डाव्या सीटवर पुडी सांभाळत. वर धुकं होतं, गर्दी होती, पायऱ्या ओल्या होत्या. रांगेत नानांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं, चांगलं घट्ट. पिंडीसमोर मी काही मागितलं नाही. मला फक्त रडू येत होतं आणि ते गुरवाला दिसू नये एवढीच काळजी होती. परत येताना गोडी शेव आम्ही दोघांनी मिळून संपवली. मंचरला पोचल्यावर नाना काचेतून बाहेर बघत म्हणाले, "हितं लई बदाललं गं. बायपास झाला, पूल झाला. उजवीकडं वळायचं हे ठावं हाय मला. पण कवा कवा उजवं कंचं त्येच कळत न्हाई." एवढंच. त्यानंतर आजपर्यंत त्या विषयावर ते माझ्याशी बोललेले नाहीत.

डॉक्टरांना दाखवलं, तर त्यांनी या विसरण्याला एक लांबलचक नाव सांगितलं. ते नाव मी लगेच पाठ केलं आणि मग पाठ केल्याचा पश्चात्ताप झाला. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, गाडी आता बंद. संतोष म्हणाला, किल्ली काढून घे. म्हणायला सोपं आहे. नानांची किल्ली त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात असते. रात्री बंडी काढली तरी किल्ली उशाखाली जाते. बैल विकून ट्रॅक्टर आणणारा, ट्रॅक्टरच्या कमाईवर गाडी आणणारा हा माणूस. त्याच्या खिशात हात घालून किल्ली काढायची माझी छाती झाली नाही. संतोषची झाली असती, पण तो पुण्याला होता.

मग मी दुसरी वाट काढली. नाना आत पाणी प्यायला गेले तेव्हा बॉनेट उघडलं, दहाच्या पान्याने मायनसचं टोक सोडलं, बाजूला वळवलं, बॉनेट लावलं. सगळं कसं भराभर, चोरासारखं. दुसऱ्या दिवशी काकीचा फोन आला, गाडी चालू होईना. मी म्हटलं, बॅटरी बसली असेल. नानांना फोन दिला. नाना म्हणाले, "बसली वाटतं." आवाजात काही नव्हतं, ना राग, ना शंका. त्यानंतर असंच चालू झालं. मी निरगुडसरला गेले की नाना आत असताना टोक जोडायचं, नानांना डाव्या सीटवर बसवून कुठंतरी फिरवून आणायचं, निघताना टोक पुन्हा सोडायचं. काकीला याचं भारी नवल. "वैशे, तुझ्या हाताला गुण हाय बघ. तू आलीस की गाडी चालू व्हती." नाना मान डोलवायचे. "व्हय. वैशी आली की व्हती चालू."

आणि इथून माझा नवा संशय सुरू झाला. ज्या माणसाने मला बॅटरी सोडायला शिकवली, ज्याने भर पावसात ट्रॅक्टरचं इंजिन उघडून बांधावर बसून दुरुस्त केलेलं मी पाहिलंय, त्याने इतक्या महिन्यांत एकदाही बॉनेट उघडून बघितलं नसेल? मान्य आहे, विसरतात. कधी मला अक्का म्हणतात, म्हणजे त्यांची थोरली बहीण. सकाळी जेवले का हे दुपारी आठवत नाही. पण हात विसरतात का? हातांचं काही सांगता येत नाही. मी दर वेळी बॉनेटवरच्या धुळीत बोटांचे ठसे शोधायची. एकदा सापडलेही, पण शेजारीच मांजराचे पंजे होते, म्हणून ते कुणाचे ठरवता आलं नाही. मी नानांच्या तोंडाकडे बघत राहायची. ते कावळ्याकडे बघत राहायचे.

हे सगळं परवा झेंडूच्या ढिगासमोर उभ्या उभ्या मनातून गेलं. फुलं घेतली, जुडीसारखी उलटीपालटी करून घेतली, आणि काल खंडेनवमीला एसटीने निरगुडसरला गेले. या वर्षी पाऊस वेळेवर गेला. बाजरी हाती लागली आहे, काकीच्या अंगणात कणसांचा ढीग आहे, आणि सगळ्या गावाला तो कोरडा, गोडसर वास आहे. नाना खुर्चीवर बसून होते. आता खूप बारीक झाले आहेत. मला पाहून हसले. नाव घेतलं नाही, पण हसले.

ओढणी खोचली. बॉनेट उघडलं. लाल माती नाही, हिरड्याचं पान नाही, नुसती जागच्या जागी बसलेली राखाडी धूळ आणि कोळ्याची दोन जाळी. नेमाप्रमाणे पाना घेतला आणि मग लक्षात आलं की टोक तर आधीच सोडलेलं आहे, मीच महिन्यापूर्वी सोडलंय. वाकून बघितलं.

ते टोक फडक्यात गुंडाळलेलं होतं. जुन्या धोतराचं फडकं, वरून सुतळीचे आडवे-उभे वेढे, आणि शेवटी ती गाठ, जी नाना कांद्याच्या पिशवीलाही मारतात. ते मी बांधलं नव्हतं. चोरून सोडायच्या घाईत मी दर वेळी टोक तसंच उघडं टाकून पळायची.

म्हणजे बॉनेट उघडलं होतं. टोक सुटलेलं दिसलं होतं. जोडायला किती वेळ लागतो? हाताने दाबून बसवलं तरी गाडी चालू झाली असती. किल्ली खिशातच होती. त्याऐवजी आत जाऊन फडकं शोधलं, सुतळी शोधली, आणि माझं अर्धवट राहिलेलं काम पुरं केलं. कधी केलं असेल? एकदाच, की दर वेळी गुंडाळून मी यायच्या आधी नाना ते फडकं काढून ठेवत होते? मी वळून बघितलं. नाना माझ्या हातांकडे बघत होते.

"कोपरे नीट घे," ते म्हणाले. "माती कोपऱ्यात ऱ्हाती."

घेतले. इतके कोपरे मी जन्मात घेतले नसतील. डोळ्यांतलं पाणी ओढणीला पुसलं तर ओढणीचं डिझेल गालाला लागलं.

आज दसरा. सकाळी फडकं सोडलं, टोक जोडलं, गाडीला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. नाना डाव्या बाजूला जाऊन बसले, बंडीतून किल्ली काढून माझ्यापुढे धरली. सीमोल्लंघन म्हणून गावाची शीव ओलांडून थोडं पुढे गेलो आणि परत आलो. काकीने औक्षण केलं, आपट्याची पानं दिली-घेतली. या वेळी मी सोनं देताना नानांच्या डोळ्यांत बघितलं. त्यांनीही बघितलं. तिथं मला काय दिसलं ते अजून नक्की सांगता येत नाही.

दुपारी नवरा मोटरसायकल घेऊन मला न्यायला आला. नाना आत गेले, पाणी प्यायला. मी भराभर बॉनेट उघडलं, टोक सोडलं, बाजूला वळवलं. मग फडकं शोधायला लागले. सकाळी मडगार्डवर ठेवलं होतं, तिथं नव्हतं. खाली पडलं असेल म्हणून चाकाजवळ वाकले. तिथंही नव्हतं. जाऊ दे, म्हणून बॉनेटची दांडी काढायला हात लावला.

मागे घसा खाकरला.

नाना उभे होते. एका हातात घडी केलेलं फडकं, दुसऱ्यात सुतळी.

"ह्ये इसरलीस," ते म्हणाले.